घोड्यावरून शेळ्या

उंटावरून शेळ्या हाकायच्या तर आधी उंट पाहिजे. गोंदिया जिल्ह्यात धान पिकतो, तांदळाच्या गिरण्या चालतात, महाराष्ट्रात दुसरीकडे सहसा न दिसणारे सारस इथल्या बांध्यांत उतरतात. पण उंट नाही. म्हणून आमच्या भाटव्यांनी घोडी घेतली.

भाटवे म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे जावयाचा मान मोठा, त्यामुळे त्यांच्याबद्दल खरं कुणी बोलत नाही. साळा म्हणून ते काम आपसूक माझ्याकडे येतं. माणूस सज्जन. सगळी नोकरी एका बँकेत, त्यातही बहुतेक काळ शेतीकर्जाच्या टेबलावर. शेळी त्यांना कागदावरून पाठ होती. दहा शेळ्या अधिक एक बोकड म्हणजे एक गट, दीडशे दिवसांचा गाभणकाळ, दोन वर्षांत तीन वेतं, जुळ्यांचं प्रमाण अमुक, मरतुक तमुक. मेलेली शेळी म्हणजे विम्याच्या अर्जाला जोडलेला कानातला बिल्ला. असल्या कित्येक शेळ्यांना त्यांनी कर्ज मंजूर केलं, कित्येकींची वसुली केली, आणि एवढ्या काळात एकीच्याही अंगाला हात लावला नाही. शेळी दारात बांधलेली असे, भाटवे जीपमध्ये बसलेले असत, शिपाई बिल्ल्याचा नंबर ओरडून सांगे. निवृत्त झाल्यावर या माणसाचा समज झाला की आपल्याला शेळीपालन येतं.

हा नमुना एकटा नाही. तालुक्यागणिक असा एक तरी सापडेल. कुठे तो निवृत्त मास्तर असतो, कुठे तलाठी, कुठे पाटबंधाऱ्यातला बाबू. भारतातल्या प्रत्येक शेतकऱ्याचा मुलगा नोकरी लागावी म्हणून देव पाण्यात घालून बसतो, आणि नोकरी संपल्यावर तोच मुलगा शेती करायला निघतो. मधल्या काळात शेती करणाऱ्यांना त्यानं सल्ले दिलेले असतात, त्यामुळे आता मागे फिरायची सोय नसते. तो आधी पाटी लावतो, मग फाटक, मग कुंपण, आणि शेवटी शेजाऱ्याला विचारतो, की इथे पिकतं काय.

भाटव्यांची पाटी मोठी आहे. 'स्वयंपूर्ण कुटुंब कृषी प्रकल्प' असं हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत. ती लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी गावातली माणसं आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन फाटकाशी हजर. 'साहेब, सबसिडी किती टक्के हाये जी?' भाटव्यांनी त्यांना समजावून सांगितलं, की हा सरकारी प्रकल्प नाही, माझा स्वतःचा आहे, माझ्याच पैशानं. लोक परत गेले. जाताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, 'सांगत नाहीत. यादी भरली असंल.'

जागा कोहमाऱ्याहून नवेगावबांधाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, दीड एकर. एका अंगाला जुन्या मालगुजारी तलावाची पाळ. हे तलाव या भागात कोहळी लोकांनी काही शतकांपूर्वी बांधले, तेही प्रकल्प अहवालाशिवाय, आणि अजून पाणी धरतात. भाटव्यांना ही गोष्ट मनातून आवडत नाही. दुसऱ्या अंगाला झुडपी जंगल. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत जमिनीचा हा एक खास प्रकार आहे. महसुलाच्या दप्तरात वर्षानुवर्षं तो धड शेत नाही, धड जंगल नाही असा पडून होता. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो वनच धरला. निकालाची प्रत भाटव्यांनी छापून घेतली, हद्दीवर चुन्याची रेघ मारली आणि एकही शेळी या रेघेपलीकडे जाणार नाही असं जाहीर केलं. शेळ्यांनी ती रेघ पहिल्याच सकाळी चाटून पाहिली.

या सगळ्याचं मूळ दोन ठिकाणी. एक, मारुती चितमपल्ली. नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेल्या या माणसानं जंगलावर जे लिहिलं, ते वाचून महाराष्ट्रातल्या किती मध्यमवर्गीयांची झोप उडाली असेल कोण जाणे. दुसरं, परदेशी चित्रफिती. त्यांत एक दाढीवाला, त्याची बायको आणि चार पोरं मिळून लाकडाचं घर बांधतात, शेळ्यांचं दूध काढतात, घोड्यावरून कुंपण तपासतात, आणि वीस मिनिटांत सगळं उभं राहतं. भाटव्यांनी त्याचाही अभ्यास केला. अमेरिकेत १८६२च्या कायद्यानं अशा कुटुंबाला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळायची, अट एवढीच की पाच वर्षं तिथं राहून ती कसून दाखवायची. ही माहिती त्यांनी जेवताना आम्हाला दिली. बाईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, वाढता वाढता विचारलं, 'आणि पाच वर्षांनी सुटका होत होती?'

बाईचा विरोध शेळ्यांना नव्हता, घराला होता. भाटव्यांना घर मातीचंच हवं होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू, शेणानं सारवलेली जमीन. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, पर्यावरणाला अनुकूल. बाईनं हे सगळं ऐकून घेतलं. 'माझा जन्म असल्याच घरात गेला,' ती म्हणाली. 'दर आठ दिवसांनी सारवत होती मी. लग्न केलं ते तुमच्या घरी फरशी होती म्हणून. मातीत राहायचं असंल तर तुम्ही सारवा, मी पर्यावरण पाहते.' तरी घर मातीचंच झालं, आणि दिसायला झालंही देखणं. मग वानरं आली. कवेलू ही वस्तू मुळात माकडांसाठीच बनवली जाते असं वाटावं, इतक्या तन्मयतेनं ती एकेक कवेलू उचलून खाली काय ठेवलंय ते बघत. पावसाळ्याच्या तोंडावर घरावर टिना चढल्या. प्रकल्पाच्या वहीत त्याची नोंद 'छताचे आधुनिकीकरण' अशी आहे.

शेळ्या उस्मानाबादी आणल्या. गावठी बकऱ्या गावात ढिगानं होत्या, पण भाटव्यांच्या कोष्टकात जुळ्यांच्या रकान्यात उस्मानाबादीचा आकडा चांगला होता. ते कोष्टक मी पाहिलं आहे. पहिल्या वर्षी अकरा जनावरं, पाचव्या वर्षी शेड अपुरी पडेल इतकी. त्यात मरतुकीचा रकाना होता, चाऱ्याचा होता, औषधांचा होता. पाहुण्यांचा नव्हता. पोळ्याच्या करीला आमच्याकडे घरोघरी मटण शिजतं. त्या दिवशी ज्याच्याकडे बोकड आहे त्याच्या घरी किती नातेवाईक निघतात, हे कुठल्याच बँकेच्या नमुन्यात येत नाही. कोष्टकातला पहिला बोकड करीला गेला. मी स्वतः त्यातलं खाल्लं आहे, त्यामुळे या मुद्द्यावर जास्त बोलत नाही.

पण खरी परीक्षा पावसानं घेतली. धाराशिवकडची कोरड्या हवेतली ती काळीभोर, तुकतुकीत जनावरं, आणि हा जूनपासून ओतणारा धानाचा मुलूख. शेळीला उपास चालेल, चिखल चालत नाही. भाटव्यांनी गोठ्यात गुळगुळीत सिमेंटचा कोबा केला होता, स्वच्छतेसाठी. त्यावर मूत साचे, लेंड्या भिजत, खुरं मऊ पडत. ऑगस्टपर्यंत अर्धा कळप लंगडत होता आणि उरलेला शिंकत होता. भाटवे रोज सकाळी लंगड्यांची आणि शिंकणाऱ्यांची वेगवेगळी यादी करत.

बाईनं यादी केली नाही. तिनं गावातल्या बुरडाला बोलावलं. त्यानं दोन दिवसांत जमिनीपासून कंबरभर उंच बांबूचं मचाण बांधून दिलं. फळ्यांऐवजी बांबूच्या चिपा, दोन चिपांत बोटभर फट. लेंडी खाली पडेल, पण खूर अडकणार नाही. खालची लेंडी झाडून गोळा करायची, ती धानाच्या बांधीत खत म्हणून. शेळ्या एकेक करून वर चढल्या आणि राणीसारख्या बसल्या. लंगडणं थांबलं. 'हे तू कुठे वाचलंस?' भाटव्यांनी विचारलं. बाई म्हणाली, 'बकऱ्याच सांगत होत्या. कवाच्या त्या खाटेवर चढत होत्या, तुम्ही हाकलत होते.'

आता घोडी.

भाटव्यांचं म्हणणं असं, की दीड एकर असलं तरी पाळ, पांदण आणि गावाबाहेरचं चराऊ रान धरून शेळ्यांमागे बरंच चालावं लागतं आणि गुडघे साथ देत नाहीत. ढोरक्याला मजुरी द्यायची, तर स्वयंपूर्ण या शब्दाला बाध येतो. त्यावर घोडा हा शास्त्रीय उपाय. मग ते सारंगखेड्याला गेले. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीला घोड्यांचा जो मोठा बाजार भरतो तो हाच. गोंदिया राज्याच्या पूर्व टोकाला, सारंगखेडा पश्चिमेकडे. सगळा महाराष्ट्र आडवा कापून भाटवे तिथे पोचले, घोड्यांच्या किमती ऐकल्या आणि सगळा महाराष्ट्र आडवा कापून परत आले. येताना खरारा घेऊन आले. घोडा नसताना खरारा घेणारा माणूस म्हणजे काय, हे त्या दिवशी घरात सगळ्यांना कळलं.

पुढे जवळच्याच एका गावातल्या वरातीवाल्यानं धंदा बंद केला. त्याची पांढरी घोडी भाटव्यांनी घेतली. वय झालेली, शांत, डोळे काजळ घातल्यासारखे. भाटव्यांनी आधी शास्त्राप्रमाणे तिचे भोवरे तपासले. डोळ्याखाली आसूढाळ नाही, गळ्याखाली देवमन आहे, तेव्हा मालकाला शुभ. नाव ठेवलं पंचकल्याणी. चार पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असलेल्या घोड्याला पंचकल्याणी म्हणतात, हे त्यांना माहीत होतं. जी नखशिखांत पांढरी आहे तिच्यातले हे पाच पांढरे ठिपके कोणते, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

नाल ठोकायला बाजारातला नालबंद आला. त्याचा हात बैलांवर बसलेला. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. चार पायांना आठ. त्यानं सवयीनं आठ पत्र्या काढून मांडल्या, दोर हातात घेतला आणि विचारलं, 'पाडू का जी?' बैलाला पाडून, पाय बांधून पत्री मारतात. भाटव्यांनी त्याला अश्वशास्त्रावर पाऊण तास ऐकवलं. तेवढ्या वेळात घोडीनं मागचा पाय आपणहून उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. तिला हे काम भाटव्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

स्वारीचा पहिला दिवस मी पाहिला. भाटवे बँकेच्या निरोपसमारंभातला कोट घालून, बाजेवर उभे राहून, घोडीवर चढले. समोर दहा शेळ्या. 'चल,' म्हणाले. घोडी ऐटीत दहा पावलं चालली आणि थांबली. टाच मारली, लगाम हलवला, नाही. मग मिनिटभरानं आपल्याच मनानं पुन्हा दहा पावलं, पुन्हा थांबली. आम्हाला कळेना. बाईच्या लक्षात आलं. 'अवं, ती नाचणाऱ्यायची वाट पाहून रायली!' वरातीच्या घोडीचं सगळं आयुष्य असंच गेलेलं: बँडमागे दहा पावलं चाला, पोरं नाचून घेतील तोवर थांबा. त्या दिवशी शेळ्या कधीच्या पाळीपलीकडे गेल्या आणि मागून वरात हळूहळू येत राहिली. वरातीमागून घोडे सगळ्यांनीच ऐकलेले असतात. शेळ्यांमागून वरात तिथे पहिल्यांदाच निघाली. घोडीला ही सवय सुटलेली नाही. आता भाटवेच दर दहा पावलांवर थांबून आसपासच्या झाडांची नावं सांगतात.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्यापुढे हात जोडतो. आमच्या भागात धान कापायच्या आधी ओलाव्यावर लाखोळी फेकतात. स्वस्त डाळ, वरण-भजी सगळं तिचंच. या डाळीनं पायांचा लकवा होतो म्हणून १९६१मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, पण पूर्व विदर्भातल्या माणसानं ती खायचं काही सोडलं नाही. घोडीच्या चंदीला हरभरा महाग पडतो म्हणून घरात तिला लाखोळी भिजवून घालायला सुरुवात झाली. भाटव्यांनी पाहिलं आणि टोपलं उपडं केलं. घोड्याला लाखोळी फार दिवस घातली तर मागचे पाय जातात, श्वास घोरू लागतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सगळे हसले. जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, 'बरोबर आहे. पण हे तुम्हाला कसं माहीत? घोडा मी कॉलेज सुटल्यापासून पाहिला नाही.' त्या दिवशी भाटव्यांनी जेवताना एक पोळी जास्त खाल्ली.

मुलगा पुण्याला. संगणकात काहीतरी करतो. सणाला महाराष्ट्र एक्स्प्रेसनं येतो, दोन दिवस शेळ्यांसोबत फोटो काढतो आणि जातो. बापाचं रक्त असल्यामुळे त्यानं गोठ्यात कॅमेरा बसवून दिला. आता तो पुण्यातून मोबाईलवर शेळ्या राखतो. हे तर उंटालाही जमलं नसतं. 'आई, ती कोपऱ्यातली रवंथ करत नाहीये.' बाई म्हणते, 'ती झोपली आहे. तूही झोप.'

याच कॅमेऱ्यानं एकदा गाव गोळा केलं. थंडीचे दिवस, बिबट फिरत असल्याची गावात चर्चा. मध्यरात्री मुलाला पडद्यावर दिसलं, की घोंगडी पांघरलेलं कुणीतरी मचाणावर चढलंय आणि शेळीच्या मागच्या बाजूला काहीतरी करतंय. त्यानं आईला फोन लावला. ती गाढ झोपेत. मग थेट पोलीस पाटलाला लावला. दहा मिनिटांत काठ्या, टॉर्च, कुत्री, झोपेतून उठलेली पोट्टी, असा सगळा जथा फाटक उघडून आत. 'बाहेर ये बे!' टॉर्चच्या उजेडात भाटवे दिसले. एका हातात वही, दुसऱ्यात थर्मामीटर. शेळीचं तापमान पहाटेच्या आत घेतलं तर अचूक येतं, असं त्यांचं मत. ते कुठून घेतात, हे तिथे जमलेल्या प्रत्येक माणसाला दिसतच होतं. कुणी काही बोलेना. शेवटी पोलीस पाटील म्हणाला, 'किती आलं जी?' भाटवे म्हणाले, 'एकशे दोन पॉइंट चार. नॉर्मल आहे.' 'मग ठीक हाये,' म्हणून गाव परत गेलं.

गाव त्यांना हसतं, पण सोडत नाही, हेही सांगायला हवं. कुणाला पीकविम्याचा अर्ज भरायचा असो, कुणाचं केवायसी अडलेलं असो, माणसं त्या हिरव्या पाटीखाली येऊन बसतात. भाटवे घोडीला खरारा करता करता त्यांना कलमं सांगतात. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचायची, हे त्यांनी गावात घरोघर फिरून सांगितलं. ज्यांनी ऐकलं त्यांच्या बकऱ्या वाचल्या आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्याही वाचल्या, कारण डॉक्टर आले तेव्हा बाईनं सगळ्यांच्याच हाकून आणल्या होत्या.

या उन्हाळ्यात लग्नसराईत शेजारच्या गावच्या एका वरातीची ठरलेली घोडी ऐनवेळी आली नाही. वराचे मामा धापा टाकत पाटीखाली आले. भाटवे ताठ झाले. 'ही वरातीची घोडी नाही. ही कामाची घोडी आहे.' बाई आतून म्हणाली, 'मग काम आलं आहे. सोडा.' घोडीला परका माणूस चालत नाही, या तत्त्वावर भाटवे स्वतः सोबत गेले, तोच कोट घालून, लगाम धरून. बँड वाजला आणि ती म्हातारी घोडी दहा वर्षांनी तरुण झाली. मान वाकवून, पुढचे पाय आळीपाळीनं उचलून ती जी नाचली, की नवरदेव गळ्यातला हार सोडून खोगीर धरून बसला. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. जगाला तिची चाल अखेर समजली होती. वराचे वडील बँकेचे जुने खातेदार निघाले. 'साहेब, तुम्ही?' भाटव्यांनी लगाम न सोडता त्यांच्या थकीत हप्त्याची आठवण दिली आणि नंतर देवमन म्हणजे काय ते सांगायला घेतलं. मुहूर्त वीस मिनिटांनी हुकला.

तेव्हापासून फाटकावर दुसरी पाटी आहे. 'अश्वसेवा: नियम व अटी.' नवरदेवाचं वजन आगाऊ कळवावं. डीजे घोडीपासून वीस हात लांब. फटाके बंद. घोडीला लाखोळी, बुंदी किंवा दारू देऊ नये. वरात दर दहा पावलांवर थांबेल, त्याबद्दल तक्रार चालणार नाही. मालक सोबत येतील व माहिती देतील. ती ऐकणं बंधनकारक नाही, हे वाक्य मुलानं पुण्याहून घालायला लावलं. सगळ्यात खाली खडूनं बाईच्या अक्षरात आहे: पैसे आधी, आणि ते घोडीच्या मालकिणीकडे.